एकच नाव, दोन दालने: महिला करिअर व्यासपीठाच्या पुनर्रचनेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाचे अधिकृत शीर्षक ‘मुख्य पानाचे नूतनीकरण’ असे आहे. व्यासपीठाचे आज चार भाग आहेत: नोकऱ्यांची यादी, सदस्येचे प्रोफाइल, चर्चा विभाग आणि मेंटॉरशिप. हे भाग वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या टीमनी बांधले असल्यामुळे त्यांची बटणे, रंग आणि सूचनांची भाषाही एकमेकांशी जुळत नाही. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, नव्या सदस्या नोंदणी करतात, नोकऱ्या पाहतात आणि चर्चा विभागाकडे फिरकत नाहीत. तेव्हा मुख्य पानावर चर्चा ठळकपणे दाखवावी.

हे निदान मला घाईचे वाटते. मदत कक्षाकडे आलेल्या जुन्या तक्रारी वाचून काढल्या, तर चर्चा विभाग सापडत नाही असे म्हणणाऱ्या फारशा नाहीत. उलट आपण विचारलेला प्रश्न काढून टाकता येईल का, तेथे दिसणारे नाव बदलता येईल का, आपले लिखाण गूगलवर दिसू नये यासाठी काय करावे, अशी विचारणा मात्र पुन्हा पुन्हा होते. ज्या विभागात कुणी जात नाही असे आपण म्हणतो, त्याच विभागातून आपल्या खुणा पुसून टाकण्याची इतक्या जणींना घाई का असावी, याचा उलगडा झाल्याशिवाय मुख्य पानाला हात लावण्यात अर्थ नाही. म्हणून पहिले काही आठवडे संशोधनासाठी मागून घेतले आणि मुख्य पान सर्वांत शेवटी करू, असेही सांगून ठेवले. ते कुणाला फारसे रुचलेले नाही.

१५ जानेवारी

मुलाखतींपेक्षा निरीक्षणावर भर दिला. सहभागी सदस्येने आपल्या नेहमीच्या फोनवर नेहमीची कामे करायची आणि आम्ही केवळ पाहायचे, अशी पद्धत ठेवली. सहभागींमध्ये नुकत्याच नोकरीला लागलेल्या, काही वर्षांच्या खंडानंतर परत येऊ पाहणाऱ्या, वरिष्ठ पदांवरील आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या अशा चार प्रकारच्या सदस्या मुद्दाम घेतल्या. पाच वापरकर्त्यांच्या चाचणीत बहुतेक दोष सापडतात, हा या क्षेत्रातला परवलीचा नियम खरा. पण जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या ज्या सूत्रावर तो उभा आहे, त्यात एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात असे धरले, तरच पाच जणांत सुमारे ८५ टक्के हा आकडा येतो. वापरकर्ते एकसारखे असतील तेथेच हे गृहीतक टिकते. आमच्या चार गटांची कामे आणि काळज्या इतक्या भिन्न आहेत की, प्रत्येक गट स्वतंत्रपणे तपासावा लागेल.

एक प्रसंग तपशिलाने नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक निर्णयांचे मूळ त्यात आहे. खंडानंतर परतू पाहणाऱ्या एका सदस्येला, मनात असलेला एखादा प्रश्न चर्चेत विचारा, एवढेच सांगितले होते. तिने प्रश्नाची चौकट उघडली आणि न अडखळता चार ओळी लिहिल्या: मुलाखतीत आधीचा पगार विचारला तर खरा सांगावा का, आणि तो कमी होता म्हणून नवा पगारही कमीच ठरवतील का. प्रश्न नेमका होता, अनेकींच्या उपयोगाचा होता. ‘प्रकाशित करा’ या बटणाकडे अंगठा जाता जाता तिची नजर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातील स्वतःच्या छायाचित्रावर आणि पूर्ण नावावर गेली. तिने नावावर टिचकी मारली. तिचे प्रोफाइल उघडले आणि त्याच्या शिरोभागी ‘नोकरीच्या शोधात’ ही हिरवी पट्टी होती. ती मागे आली, चारही ओळी पुसल्या आणि त्या जागी मुलाखतीची तयारी कशी करावी असा एका ओळीचा प्रश्न लिहिला. त्याच्यासारखे प्रश्न विभागात आधीच ढिगाने आहेत.

तिने तक्रार केली नाही. नंतर विचारले, तेव्हा चर्चा विभाग चांगला आहे, असेच ती म्हणाली. प्रश्नावलीतून हे कधीच कळले नसते.

१९ जानेवारी

सर्व निरीक्षणे भिंतीवर लावून गट पाडले. सर्वांत मोठा गट निःसंशय एकच: चर्चेत बोलणारी बाई आणि नोकरीसाठी अर्ज करणारी बाई या दोघींना आपण एकाच नावाने बांधून ठेवले आहे. नोकरीच्या दालनात तिने खंबीर, अनुभवी आणि निर्विघ्न दिसावे अशी अपेक्षा असते. चर्चेच्या दालनात तिने अडचण मोकळेपणाने मांडावी, असे आपणच तिला सुचवतो. दोन्हीकडे नाव तेच, छायाचित्र तेच आणि एका टिचकीत इकडून तिकडे जाण्याची सोयही आपणच केलेली. व्यासपीठाचे हे दोन हेतू एकमेकांच्या आड येत आहेत आणि मुख्य पानाचा रंग बदलून ते सुटणारे नाही.

अॅलिस मारविक आणि डॅना बॉइड यांनी २०११ साली ट्विटरच्या वापरकर्त्यांविषयी लिहिताना हीच अवस्था वर्णन केली होती. वेगवेगळ्या प्रसंगी भेटणारे श्रोते एकाच ठिकाणी गोळा झाले की, बोलणारा माणूस सर्वांना चालेल तेवढेच बोलतो. हेलन निसनबॉम यांची २००४ मधील मांडणी माझ्या अधिक उपयोगाची आहे. माहिती गुप्त आहे की उघड, हा त्यांच्या मते खरा प्रश्न नाही. ती ज्या संदर्भात दिली गेली, त्या संदर्भाचे संकेत पाळून ती पुढे जाते का, हा खरा प्रश्न. आपला पगार मैत्रिणीला सांगणारी स्त्री तो ‘उघड’ करत नसते. तीच माहिती उद्या मुलाखत घेणाऱ्यापुढे गेली, तर संकेत मोडतो.

भरती करणाऱ्या खात्यांना चर्चा विभाग बंद करावा, असा सोपा उपाय बैठकीत पुढे आला. तो पुरेसा नाही. आमच्या वरिष्ठ सदस्यांपैकी अनेकजणी स्वतः माणसे निवडतात. दुपारी उमेदवारांची मुलाखत घेणारी व्यक्ती रात्री चर्चेत सदस्या म्हणून सल्ला देत असते, आणि तिचा सल्ला सर्वांत मोलाचा असतो. त्यामुळे भिंत खात्यांमध्ये घालता येत नाही, ती ओळखींमध्येच घालावी लागेल.

दुसरे टोक म्हणजे पूर्ण निनावीपणा. त्याला आमच्या समुदाय संचालिकेचा ठाम विरोध आहे आणि तो रास्त आहे. उत्तर देणारी कोण, तिला या विषयातले काय कळते, हे मुळीच दिसले नाही तर सल्ल्याला वजन राहत नाही. शिवाय खोडसाळपणाला आवर घालणेही अवघड होते. सध्या ठरलेला आराखडा असा: खाते एकच आणि पडताळलेलेच, परंतु प्रत्येक प्रश्न वा उत्तर लिहिताना सदस्येने पूर्ण नाव वापरायचे की ‘वित्त क्षेत्र, दहाहून अधिक वर्षांचा अनुभव’ अशी वर्णनात्मक ओळख वापरायची, हे तिने निवडावे. संचालकांना, म्हणजे नियमभंग तपासणाऱ्या मोजक्या व्यक्तींनाच, खरे खाते पाहता येईल आणि त्यांनी ते पाहिल्याची नोंद राहील.

२३ जानेवारी

वर्णनात्मक ओळख कागदावर सुरेख दिसते. प्रत्यक्षात तिच्यात मोठी फट आहे. क्षेत्र, अनुभव आणि शहर या तीन गोष्टी एकत्र केल्या की, अनेकदा त्या वर्णनाची एकच व्यक्ती उरते. लॅटन्या स्वीनी यांनी २००० साली १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिले होते की, पाच अंकी झिप कोड (तिकडचा पिन कोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच बाबींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखता येण्याची शक्यता आहे. नाव काढले म्हणजे ओळख गेली, हा समज तेव्हाच मोडीत निघाला. आमच्यासारख्या मर्यादित सदस्यसंख्येच्या व्यासपीठावर तर ‘जहाजबांधणी, वीस वर्षे’ एवढे लिहिणे म्हणजे जवळजवळ नाव लिहिण्यासारखेच आहे.

यावर स्वीनी यांचीच पुढची मांडणी उपयोगी पडते: कोणतेही वर्णन किमान ठरावीक संख्येच्या व्यक्तींना लागू होत असेल, तरच ते दाखवावे. आम्ही ही मर्यादा दहा ठेवत आहोत. गट त्याहून लहान भरला तर प्रणाली आपणहून वर्णन सैल करेल. ‘जहाजबांधणी’चे ‘अभियांत्रिकी’ होईल, ‘वीस वर्षे’चे ‘दहाहून अधिक’ होईल आणि तरीही गट लहानच राहिला तर केवळ ‘अनुभवी सदस्या’ एवढेच उरेल. शहर वर्णनात मुळीच येणार नाही. त्यावर बराच वाद झाला, कारण पगाराविषयीच्या चर्चेत शहर महत्त्वाचे असते. परंतु ज्या सदस्येला शहर सांगायचे आहे ती ते मजकुरात लिहू शकते, आपण तिच्या वतीने ते जाहीर करू नये.

एक अडचण मात्र संख्येने सुटत नाही. दहाच्या दहा जणी एकाच कंपनीतल्या असतील, तर कोण बोलते आहे हे लपते, कोणत्या कंपनीविषयी बोलते आहे हे लपत नाही. म्हणून गट मोजताना तो किमान काही वेगवेगळ्या नियोक्त्यांमध्ये विभागलेला आहे का, हेही तपासावे लागेल. डेव्हलपर म्हणाला की, ही मोजणी प्रत्येक लिखाणाच्या वेळी करण्याऐवजी रोज रात्री एकदा करून ठेवावी. तसेच करू. दिवसभरात गट घटला, तरी आधी दिलेली ओळख अधिक नेमकी होणार नाही, एवढी अट घातली आहे.

मजकुरातच कंपनीचे नाव किंवा पद आले तर ‘यावरून तुमची ओळख पटू शकते’ अशी सूचना दिसेल, लिखाण अडवले जाणार नाही. मोठ्या माणसांना सावध करावे, त्यांचा हात धरू नये.

३१ जानेवारी

कार्ड सॉर्टिंग झाले. सदस्यांनी विषयांची चिठ्ठ्यांवरची नावे आपल्या मनाने लावली, तेव्हा आमचे ‘मेंटॉरशिप’ आणि ‘चर्चा’ हे दोन विभाग बहुतेकींनी एकाच ढिगात टाकले आणि पगाराची माहिती मात्र नोकऱ्यांपासून उचलून स्वतंत्र ठेवली. नेव्हिगेशनमध्ये आता तीनच मुख्य नोंदी राहतील: ‘नोकऱ्या’, ‘विचारा’ आणि ‘माझे’. आडव्या तीन रेघांच्या मेन्यूमागे काहीही दडवायचे नाही.

६ फेब्रुवारी

प्रोफाइल. आजच्या रचनेत नोंदणी होताच एक वर्तुळ समोर येते आणि ‘तुमचे प्रोफाइल ४० टक्के पूर्ण आहे’ असे सांगते. सदस्येने न मागितलेली ही परीक्षा आहे, आणि तिचे गुण वाढवण्याचा मार्ग म्हणजे छायाचित्र, जन्मवर्ष आणि सध्याचा नियोक्ता भरणे. यांपैकी छायाचित्र आणि जन्मवर्ष अर्ज करण्यासाठी लागतच नाहीत. काम अर्धवट राहिले आहे अशी टोचणी लावून अधिक माहिती काढून घेणे हे तंत्र परिणामकारक आहे, हे मान्य. ते येथे चुकीच्या दिशेने चालते आहे. वर्तुळ काढले. त्याऐवजी सदस्या एखाद्या नोकरीसाठी अर्ज करेल, तेव्हा त्या अर्जाला लागणारी माहिती तेवढीच विचारली जाईल आणि प्रत्येक रकान्याखाली ती कुणाला दिसेल, हे एका ओळीत लिहिलेले असेल. ओळख आणि दृश्यता यांचे सर्व पर्याय आरंभी बंदच राहतील. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या २५ व्या कलमात आपोआप लागू होणारी मांडणीच माहिती झाकणारी असावी, असे म्हटले आहे आणि ही नियमावली मे २०१८ पासून लागू आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, तर १५ तारखेला जे पाहिले त्यामुळे हे करायचे आहे.

अधिक वेळ गेला तो कामाच्या इतिहासावर. सध्याच्या फॉर्ममध्ये प्रत्येक नोकरीचा आरंभ आणि शेवट महिना-वर्षासह भरावा लागतो आणि दोन नोकऱ्यांमध्ये अंतर पडले की कालरेषेवर एक रिकामी, करड्या रंगाची पट्टी उमटते. ती पट्टी कुणी मागितली होती, ते कुणालाच आठवत नाही. खंडाला स्वतःचे नाव देण्याची सोय करावी, असा एक प्रस्ताव होता. लिंक्डइनने मार्च २०२२ मध्ये तशी सोय केली आहे. ती उपयोगी आहेच, परंतु तिच्यामुळे खंड अधिकच नजरेत भरतो. मला दुसरा पुरावा अधिक वजनदार वाटला. ब्रिटनमध्ये ९,००० हून अधिक नियोक्त्यांकडे रिज्युमे पाठवून केलेला एक प्रयोग २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोकरीच्या तारखांऐवजी ‘किती वर्षे काम केले’ एवढेच लिहिले, तर मुलाखतीसाठी येणारी विचारणा वाढते, असे त्यात आढळले: खंड नसलेल्या रिज्युमेच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी आणि खंड स्पष्ट दिसणाऱ्या रिज्युमेच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी. येथे काहीही खोटे लिहिलेले नाही. मांडणी बदलली आणि वाचणाऱ्याचे लक्ष अनुभवाकडे वळले. आमच्या हातात असलेली गोष्ट नेमकी मांडणीच आहे.

तेव्हा नव्या प्रोफाइलमध्ये ‘लेखापरीक्षण, ६ वर्षे’ ही मूळ मांडणी असेल. तारखा सदस्येजवळ राहतील आणि एखाद्या नियोक्त्याने पडताळणीच्या टप्प्यावर मागितल्या, तर तिच्या संमतीने दिल्या जातील. विक्री विभागाला भीती आहे की, नियोक्ते नाराज होतील. होतील काही जण.

नावाचा रकाना छोटा आहे, पण त्याचे दुखणे जुने आहे. विवाहानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदललेल्या सदस्यांची प्रमाणपत्रे एका नावाने असतात आणि खाते दुसऱ्या. आजवर त्यांना मदत कक्षाला लिहावे लागे आणि कागदपत्रांसोबत आपल्या वैयक्तिक आयुष्याचा खुलासाही द्यावा लागे. आता पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने जाऊन एकच मोकळा रकाना राहील. ‘प्रमाणपत्रावरील नाव’ हा वेगळा रकाना ऐच्छिक असेल, तो केवळ पडताळणीत वापरला जाईल आणि कोणत्याही शोधात येणार नाही. त्याचे कारण विचारणारा रकाना असणार नाही.

१३ फेब्रुवारी

अर्ज एका बैठकीत पूर्ण होतो, हे आमच्या फॉर्मचे गृहीतक निरीक्षणात कुठेच टिकले नाही. अर्ज अर्ध्यावर सोडून फोन खाली ठेवला जातो, तो काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला जातो, आणि तोवर लॉगिन संपलेले असते. डब्ल्यूसीएजी २.२ या, अपंग व्यक्तींनाही वेबपाने वापरता यावीत यासाठीच्या सुलभता निकषांत, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, यावर बरेच काही आहे. त्याच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती पुन्हा भरायला लावू नये, हा त्यांतला पायाभूत पातळीचा निकष आहे. जोडलेल्या फाइलमधील माहितीला तो लागू होत नाही, तरी त्यामागचा हेतू आम्ही मोडत होतो, कारण रिज्युमे जोडल्यावरही तोच मजकूर रकान्यांत पुन्हा टाइप करावा लागतो. वेळ संपल्याने माहिती जाणार असेल तर तसे आधी सांगावे किंवा ती २० तासांहून अधिक काळ जपावी, हा निकष सर्वोच्च पातळीचा असला तरी आम्ही त्याच्याही पुढे जात आहोत. प्रत्येक रकाना भरताच ड्राफ्ट साठेल आणि सदस्या स्वतः काढून टाकेपर्यंत राहील.

ड्राफ्ट दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून फोनच्या नोटिफिकेशनमध्ये ‘तुमचा अमुक कंपनीचा अर्ज अपूर्ण आहे’ असे न लिहिता ‘एक ड्राफ्ट बाकी आहे’ एवढेच लिहायचे. फोन टेबलावर, सध्याच्या साहेबांच्या समोर पडलेला असू शकतो.

बाकी दुरुस्त्या नेहमीच्या: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१, स्पर्शाची लक्ष्ये किमान २४ सीएसएस पिक्सेलची (वेबपानावरील मापाचे एकक) आणि महत्त्वाची बटणे ४४ ची, ३२० पिक्सेल रुंदीवरही आडवे सरकवावे लागू नये. मात्रा वर-खाली बसणाऱ्या लिपींसाठी ओळींमधील अंतर वाढवले. जुन्या मांडणीत रफार आणि उकार एकमेकांना भिडत होते.

२० फेब्रुवारी

नोकरीचे कार्ड. वेतनाची मर्यादा, कामाचे तास, घरून काम करता येते की नाही आणि संपर्क कोणाशी, या चार गोष्टी उघडण्याआधीच दिसतील. वेतन न देणाऱ्या जाहिरातीवर ‘वेतन जाहीर केलेले नाही’ असे स्पष्ट लिहिले जाईल; रिकामी जागा सोडणे म्हणजे नियोक्त्याच्या मौनाला सामील होणे. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला आरंभीचे वेतन वा त्याची मर्यादा आधीच कळण्याचा हक्क दिला आहे आणि मागील पगार विचारण्यास मनाई केली आहे. तो निर्देश सर्वत्र लागू नाही, परंतु आमच्या फॉर्ममधून ‘सध्याचे वेतन’ हा रकाना काढून टाकायला कुणाच्या निर्देशाची गरज नाही. तो रकाना काढला.

जाहिरातींच्या भाषेबद्दल डॅनियेल गौचर, जस्टिन फ्रीझन आणि आरोन के यांचा २०११ चा अभ्यास टीमपुढे मांडला. ‘वर्चस्व’, ‘स्पर्धात्मक’ अशा पुरुषी छटेच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, हे त्यात दिसले. त्याचे कारण आपण हे काम करू शकणार नाही असे वाटणे हे नव्हते. आपण तेथे सामावले जाणार नाही असे वाटणे हे होते. म्हणून सदस्यांना ‘आत्मविश्वासाने अर्ज करा’ अशी उत्तेजनपर वाक्ये दाखवण्याची जी कल्पना होती, ती सोडून दिली. दुरुस्ती जाहिरात लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर व्हायला हवी. तेथे शब्द सुचवणारी सोय येईल, आणि अटींची ‘आवश्यक’ व ‘असल्यास उत्तम’ अशी विभागणी केल्याशिवाय जाहिरात पुढे जाणार नाही.

२८ फेब्रुवारी

मेंटॉरशिपचे दालन जवळजवळ ओस आहे. ‘माझी मेंटॉर व्हाल का?’ असे बटण प्रत्येक वरिष्ठ सदस्येच्या प्रोफाइलवर आहे आणि ते दाबायला कुणी धजत नाही. अनोळखी व्यक्तीकडे एवढे मोठे, मुदत नसलेले मागणे कसे करावे? दाबले तर नकार कळवण्याचे अवघड काम तिकडच्या बाजूला येते, त्यामुळे उत्तरच मिळत नाही.

मागणी लहान केली. वरिष्ठ सदस्येने विषय आणि वेळ आधी जाहीर करायची, उदाहरणार्थ ‘वेतनाची बोलणी, २० मिनिटे, महिन्यातून दोन वेळा’. इच्छुक सदस्येने त्यांतली एक जागा घ्यायची. नकार द्यावाच लागत नाही, जागा भरल्या की यादीच बंद होते.

ओळखीपाळखीच्या गटांना प्राधान्य द्यावे की अनोळखी व्यक्ती सुचवाव्यात, यावर टीममध्ये दोन पक्ष होते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की, नव्या संधींची बातमी बहुधा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, त्यात किंचित फरक निघाला: नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोग मध्यम प्रमाणात सैल ओळखींचा झाला, अगदी परक्यांचा नव्हे. त्यानुसार सुचवण्या बदलल्या. क्षेत्र तेच परंतु नियोक्ता वेगळा, किंवा एखाद्या चर्चेत दोघींनी उत्तरे दिलेली, अशा जोड्या आधी येतील. वर्णनात्मक ओळखीने दिलेली उत्तरे या हिशेबात धरली, तर सुचवणीतूनच ओळख फुटेल. म्हणून ती वगळली आहेत.

७ मार्च

पहिल्या प्रोटोटाइपची, म्हणजे प्राथमिक नमुन्याची, चाचणी. सारा भर एका नियंत्रणावर होता: मी कोण म्हणून बोलते आहे, ते निवडण्यावर. पहिल्या मांडणीत हा पर्याय ‘प्रकाशित करा’ या बटणाशेजारी होता. लिहून झाल्यावर तो दिसे, त्यामुळे काळजी आधी आणि दिलासा नंतर असा उलटा क्रम होई. काहीजणी बटणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मजकूर सौम्य करत होत्या. दुसऱ्या मांडणीत तो मजकुराच्या चौकटीच्या वर नेला आणि त्याला कळफलकाआड जाऊ दिले नाही. पहिल्या ओळीच्या आधीच ‘तुम्ही असे दिसाल’ या शब्दांखाली प्रत्यक्ष दिसणारी ओळख येते आणि लिहिताना ती वर स्थिर राहते. या मांडणीत प्रश्न अधिक लांब आणि अधिक नेमके झाले. एका सदस्येने ओळख दोनदा बदलून पाहिली, मग वर्णनात्मक ओळख ठेवून लिहायला बसली आणि थांबलीच नाही.

दुसरी गोष्ट अनपेक्षित होती: वरिष्ठ सदस्यांनी उत्तरे देताना बहुधा पूर्ण नावच निवडले. आपल्या नावाला वजन आहे, ते प्रश्नकर्तीच्या कामी यावे, अशी त्यांची भूमिका दिसली. तेव्हा सर्वांना एकच मूळ पर्याय देण्याऐवजी प्रश्नासाठी वर्णनात्मक आणि उत्तरासाठी ‘निवडा’ असा मोकळा पर्याय ठेवला.

चाचणीनंतर जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा विधानांची उपयोगिता मोजपट्टी भरून घेतली. जुन्या मांडणीलाही या मोजपट्टीवर वाईट गुण नव्हते, कारण ती वापरण्यास सोपीच होती. प्रश्न पुसून टाकणेही फार सोपे होते. वापरसुलभता आणि विश्वास यांचे मोजमाप वेगवेगळे करावे लागते.

१४ मार्च

तक्रार नोंदवण्याची वाट. अनोळखी व्यक्तीचा संदेश थेट न येता ‘विनंती’ म्हणून येईल आणि तो वाचला गेल्याचे पाठवणाऱ्याला कळणार नाही. तक्रार केल्यावर पोच, हाताळणारी व्यक्ती माणूस आहे की यंत्रणा, आणि निर्णय, हे तिन्ही तक्रार करणारीला कळवले जातील. संदेश पुसला गेला तरी तक्रारीसोबत त्याची प्रत जपली जाईल. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रार करणारीची ओळख कोणत्याही टप्प्यावर दिसणार नाही. निर्णयपत्रातील तारीख आणि वेळ यांवरूनही अंदाज बांधता येतो, म्हणून निर्णय लगेच न कळवता इतर निर्णयांसोबत एकत्र पाठवण्याची सूचना संचालिकेने केली. ती घेतली.

२१ मार्च

डॅशबोर्डवर दोनच आकडे मोठ्या अक्षरांत होते: रोज येणाऱ्या सदस्या आणि पूर्ण झालेली प्रोफाइल. दुसरा आकडा आता अर्थहीन आहे, पहिला दिशाभूल करणारा. मनासारखी नोकरी मिळालेली सदस्या काही महिने येतच नाही, आणि आपण तिला गमावलेल्यांत मोजतो. नवे मोजमाप असे: प्रश्नाला पहिले उपयुक्त उत्तर मिळायला लागलेला वेळ, लिहायला घेतलेल्या आणि प्रकाशित झालेल्या प्रश्नांचे प्रमाण, अर्जाला नियोक्त्याकडून काहीही, नकारसुद्धा, कळले का, आणि नोकरी मिळाल्यानंतर सदस्या उत्तरे देण्यासाठी परत आली का. पुसलेल्या मजकुरातील शब्द साठवायचे नाहीत, केवळ तो पुसला गेला एवढेच मोजायचे. याबाबत डेव्हलपरकडून लेखी खात्री घेतली आहे.

मुख्य पानाचे काम आता सुरू केले. चर्चा ठळक करण्याची गरज उरलेली नाही. सदस्येने निवडलेल्या विषयातले अनुत्तरित प्रश्न आणि तिचे ड्राफ्ट एवढ्यावर पान भरते.

३ एप्रिल

जुन्या मजकुराचे काय करायचे, हा शेवटचा मोठा निर्णय. पूर्ण नावाने लिहिलेले जुने प्रश्न तसेच ठेवले तर नव्या व्यवस्थेचा त्या सदस्यांना उपयोग नाही. सरसकट वर्णनात्मक ओळखीत बदलले तर अभिमानाने नावासह उत्तरे देणाऱ्यांवर अन्याय. ठरले ते असे: नवी आवृत्ती येण्यापूर्वी प्रत्येक सदस्येला तिच्या जुन्या लिखाणाची यादी पाठवली जाईल आणि प्रत्येक नोंदीसाठी नाव, वर्णन किंवा काढून टाकणे असा पर्याय मिळेल. ती निवड करेपर्यंत तिचे प्रश्न वर्णनात्मक ओळखीने आणि उत्तरे नावासह दिसतील. तिच्या प्रोफाइलवरून जुन्या चर्चेकडे जाणारा दुवा सर्वांसाठी आजच तोडला आहे आणि शोधयंत्रांना चर्चा विभाग वगळण्याची सूचनाही दिली आहे. शोधयंत्रांनी आधी साठवलेल्या प्रती काढायला वेळ लागतो; मदत कक्षाने हे विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

खाते बंद करणाऱ्या सदस्येचे प्रश्न तिच्याबरोबर जातील. उत्तरे ज्यांच्या कामी आली त्यांच्यासाठी राहावीत, असा संचालिकेचा आग्रह आहे. ती लिहिणारीची आहेत, असे माझे म्हणणे. तूर्त बंद करण्याच्या स्क्रीनवर दोन्ही पर्याय समान आकाराच्या बटणांनी दिले आहेत आणि कोणताही आधी निवडलेला नाही. पहिल्या गटासाठी नवी आवृत्ती सोमवारी खुली होईल.